रांजणापर्यंत जाऊन येणारं पाणी

जळगाव,
२ मार्च १९९९

ती. तोताराममामांस, मंदाचा सा. नमस्कार.

मान्यवर अध्यक्ष महोदय, आणि खान्देशातल्या घराघरांत मागच्या खोलीत बसवलेल्या माझ्या बायांनो! आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. नवरा गेला, आणि खिडकी बंद झाली ती आपली. बाहेर वारा आहे. तो आपल्याला लागता कामा नये, कारण वारा आत आला तर आपलं तोंड बाहेर दिसेल!

घाबरू नका मामा, डोकं ठिकाणावर आहे. तुम्हीच मला सातवीत टेबलावर उभं करून बोलायला शिकवलंत. धुळ्याच्या कॉलेजात मी तीन ढाली आणल्या. आता साडेतीन महिने झाले, समोर श्रोता म्हणून एक धान्याची कोठी आहे. भाषण अंगात साचतं, म्हणून थोडं तुमच्यावर ओतते.

सुकदेव गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मला या पत्र्याच्या खोलीत, कोपऱ्यात, घोंगडीवर बसवलं. सव्वा वर्ष कोपरा धरायचा, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. ओसरीवर यायचं नाही. फोन पुढच्या खोलीत, म्हणून फोनवरही यायचं नाही. सासूबाई वाईट नाहीत. ताट आणून देतात, माझी पत्रं बाजाराला जाताना स्वतः पेटीत टाकतात. फक्त खिडकी उघडत नाहीत.

या खोलीत माझ्याबरोबर आणखी एक जण चादर पांघरून बसला होता. ह्यांचा कॉम्प्युटर. जानेवारीत एका दुपारी मी चादर काढली आणि शेजारची वही उघडली. मामा, चाळीस पानं आहेत! तुम्हाला ठाऊक आहे, कॉलेज रस्त्यावर बन्सीलाल शेठचा गाळा घेऊन ह्यांना गेम खेळायचं पार्लर काढायचं होतं. चार साध्या मशिनी घ्यायच्या सोडून सगळं एकाच मशिनीत घातलं. पहिल्या पानावर लिहिलंय, "जळगावचा उन्हाळा. तीनशे मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर साडेचारशेवर पळवायचा. पंख्याने होणार नाही. पाणी." पुढे नळ्या, पंप, तांब्याची डबी, सगळं चित्र काढून. परदेशात हौशी पोरं असं करतात म्हणे. खान्देशात कोणी केलेलं नाही.

मी मशीन साडेचारशेवर लावून पाहिली. गाडीच्या शर्यतीचा एक गेम आहे. पहिली फेरी सुरेख, दुसरी ठीक, तिसऱ्या फेरीत बोगदा येतो आणि बोगद्यात चित्र गोठतं. रोज तिथेच. पत्रा तापलेला, खिडकी बंद. आतला पंखा मारून मारून मारणार काय, तीच गरम हवा. ह्या मार्चात ही गत, तर एप्रिलात काय?

शेठचा निरोप आला आहे. करार ह्यांच्या आणि माझ्या नावावर आहे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, मी स्वतः येऊन शटर उघडलं, मशीन चालू करून दाखवली, तर गाळा माझा. नाही तर एसटीडी बूथवाला टपलेलाच आहे.

माहेरच्या माणसाने यायचं, नवं लुगडं द्यायचं आणि हात धरून कोपरा उठवायचा, अशी रीत आहे. आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे तुम्हीच. पण ते पुढचं. आधी मशीन. मला हवं ते असं: कुलरचा छोटा पंप, पंधरा-वीस फूट बारीक नळी, आणि आग्रा रोडवर ट्रकचे फुटके रेडिएटर झाळून देणारे बसतात त्यांच्यापैकी एखाद्याकडून काड्यापेटीएवढी तांब्याची डबी, दोन तोट्या लावलेली. चित्र सोबत जोडलं आहे. माप चुकवू नका.

तुमची,
मंदा

*

धुळे,
८ मार्च १९९९

चि. मंदास, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना मी शाळेच्या स्टाफरूममध्ये उभा राहिलो. बसून वाचण्यासारखं नव्हतंच ते. पोरी, तुझी वाणी गंजलेली नाही!

पण मला एक सांग. पाणी आणि वीज एका पेटीत? तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की ओल्या हाताने बटणाला शिवू नका. आणि खेळ हा शब्द माझ्या पिढीला जरा टोचतो. वर्ष सरलेलं नाही, आणि घरात शर्यतीच्या गाड्यांचे आवाज… लोक काय ते बोलतील. मी बोलणार नाही. मी एवढंच म्हणतो की जिला चालू देत नाहीत तिने गाडी पळवावी. हे वाक्य मी पिंपळनेरला वापरणार आहे. येत्या चौदा तारखेला तिथे माझं व्याख्यान आहे. विषय 'विधवांचे कोपरे'. तुझं उदाहरण देईन, नाव न घेता.

सुकदेवराव मला एकदा म्हणाले होते, "मामा, तुम्ही माणसांना तापवता, मी मशीन थंड करतो, आपण दोघं मिळून दुकान टाकू." आठवलं आणि चष्मा पुसावा लागला.

पंप घेतला. नळीसाठी चोपड्याच्या एका विद्यार्थ्याला सांगितलं. त्यांच्याकडे केळीचे मोठे मळे आहेत, ठिबकच्या नळीची भेंडोळी पडलेली असते. त्याने वीस फूट आणून दिली. काळी, चिवट, उन्हाला दाद न देणारी. दोन्ही वस्तू एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो आहे. तांब्याच्या डबीसाठी निंबा रेडिएटरवाल्याकडे गेलो. चित्र पाहून म्हणाला, "मास्तर, हाई कोन्या ट्रकनं शे? उंदीरनी गाडीनं का?" करून देतो म्हणाला आहे.

कोपऱ्याचं बघू. घाई नको.

तुझा मामा,
तोताराम

*

जळगाव,
१७ मार्च १९९९

ती. मामांस, सा. नमस्कार.

पंप उत्तम. नळीला मात्र केळीची सवय आहे. दर चार फुटांवर भोक! मी बादलीत पंप सोडला, नळी जोडली, बटण दाबलं, आणि खोलीत पाच ठिकाणी कारंजी उडाली. एक थेट कोठीवर. तुमच्या विद्यार्थ्याने मळ्यातली वापरलेली नळी उचलून दिली. नशीब, मशीन अजून चादरीखाली होती.

सासूबाई धावत आल्या. "काय वं मंदा, पाट फुटना का?" मी म्हटलं, नाही आई, मामांनी केळीचा मळा पाठवलाय. त्या हसल्या. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. मग चट्‌कन पदर तोंडाला लावला, जणू हसणं कोणी मोजत होतं. दोघींनी मिळून खोली पुसली. पुसता पुसता त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, हे कशाला. मी वही दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण अक्षर ओळखलं. बोटाने त्या ओळीवरून फिरत राहिल्या.

मामा, काल पारा एकेचाळीस होता. या खोलीत त्याहून जास्त. दुपारी सगळे झोपले की मी गेम लावते. मला तो रस्ता पाठ झालाय. डावीकडे समुद्र, मग उंच झाडं, मग एक पिवळं घर. या जगात सध्या मला जाता येतं असा तेवढाच रस्ता. आणि दर वेळी बोगदा. चित्र गोठतं तेव्हा मी गाडीत बसलेली असते, समोर अंधार, आणि बाहेर पडायचं भोक अगदी पुढे दिसत असतं. बटणं दाबून काही होत नाही. मशीन बंद करून पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला हसू यायचं. आता नाही येत.

तुमच्या पिंपळनेरच्या व्याख्यानाची बातमी सासरे, छगन आबा, घेतात त्या पेपरात आली. आबांनी ती वाचली आणि पेपर घडी घालून फळीवर ठेवला. नंतर तो पेपर मी मागून घेतला.

आता सरळ विचारते. आखाजी अठरा एप्रिलला, रविवारी. त्याआधी कोणत्या दिवशी येता? इथे चार-सहा महिन्यांत कोपरा उठवलेल्या बाया आहेत, माहेरच्यांनी जोर लावला म्हणून. पण त्यांना अंधारात उठवतात, कोणाला तोंड दिसू नये अशा वेळी. मला तसं नको. दिवसा या.

तुमची,
मंदा

ता. क. नळी बांधकामवाल्या गवंड्याकडची पाठवा. भिंतीची पातळी, पाणसळ, बघायला वापरतात ती पारदर्शक. आत हवा अडकली तर दिसेल.

*

धुळे,
२४ मार्च १९९९

चि. मंदास, अनेक आशीर्वाद.

गवंड्याची नळी पाठवतो आहे. या वेळी मी स्वतः एक टोक तोंडात धरून पाणी भरून पाहिलं. तुझ्या मामीने डोक्याला हात लावला. निंबाने डबी केली आहे. झाळ इतकी साफ आहे की हात फिरवावासा वाटतो. त्याने पाणी भरून, दाबून, दोन दिवस दुकानात टांगून ठेवली होती. घडणावळ घ्यायला तयार नाही. म्हणाला, "मास्तर, खान्देशातली पहिली ना? मग मनं नाव सांगज्या फक्त." डबीच्या मागे त्याने खिळ्याने 'निंबा' कोरलंय. ती बाजू वर ठेव.

पिंपळनेरला सभा भरगच्च झाली. बायका मागे बसल्या होत्या. एक म्हातारी उठून म्हणाली, "मास्तर, तुम्ही सांगी ऱ्हायनात ते बठ्ठं खरं, पन मना दारले कोन यीन?" मी उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. म्हातारी मात्र तशीच उभी होती.

येण्याचं म्हणशील तर दहावीच्या परीक्षा चालू आहेत, मी पर्यवेक्षक आहे. मग पेपर तपासणी. मधून पाठीचं दुखणं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बघतो. आबांना पत्र लिहावं असंही मनात आहे, पण शब्द मऊ हवेत आणि मऊ शब्द मला लवकर सुचत नाहीत.

तुझा मामा,
तोताराम

*

जळगाव,
२ एप्रिल १९९९

ती. मामांस, सा. नमस्कार.

चालली! चालली, मामा!

सांगते नीट. प्रोसेसरवरचा पंखा काढला, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची पांढरी पेस्ट लावली, त्यावर निंबाची डबी, आणि सायकलच्या ट्यूबचा पट्टा ताणून घट्ट. पंप ठेवला लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत. बरणीतून पाणी डबीत, डबीतून गरम होऊन बाहेर. पण या भट्टीत ते गार कुठे करायचं? वहीच्या सव्विसाव्या पानावर ह्यांनी त्याचंही उत्तर लिहून ठेवलं होतं. एकच शब्द, दोनदा अधोरेखित: "रांजण".

परसात कडुनिंबाखाली आमचा मोठा रांजण आहे. दिवसभर पाझरतो, आतलं पाणी भर दुपारीही गारढोण. मी जुन्या फ्रिजमागचं तांब्याचं वेटोळं मिळवलं, म्हणजे सासूबाईंनी भंगारवाल्याकडून घासाघीस करून मिळवलं. त्याला नळ्या जोडल्या, नळ्या मोरीच्या भोकातून परसात काढल्या आणि वेटोळं रांजणात सोडलं. ते काम सासूबाईंनी केलं, कारण परस माझ्या हद्दीत येत नाही. मी आतून ओरडून सांगत होते आणि त्या बाहेरून, "उलटं का सुलटं, तेवढं सांग."

आधी एक अख्खा दिवस मशीन बंद ठेवून नुसतं पाणी फिरवलं. नळीखाली पेपर अंथरला, थेंब पडला तर डाग दिसावा म्हणून. माझ्या खोलीत पेपर एकच होता, तुमच्या पिंपळनेरच्या बातमीचा. मामा, तुमचं भाषण संध्याकाळपर्यंत कोरडंच राहिलं.

मग मशीन लावली. साडेचारशे. पहिली फेरी. दुसरी. तिसरीत बोगदा आला, माझे हात घामाने सटकत होते. गाडी आत शिरली, अंधार, दिवे, दिवे, दिवे, आणि धाडकन उजेड! पलीकडे काय आहे ठाऊक आहे? काही नाही. नुसता सरळ रस्ता. मी गाडी थांबवून बघत बसले.

दोन दिवसांनी आबांना कळलं. पाणी प्यायला परसात गेले तर रांजण गुणगुणत होता. पंपाची थरथर नळीतून तिथवर जाते.

"हाऊ रांजन काबरं गुनगुनी ऱ्हायना?" त्यांनी हाक मारली. "आत भुंगा शे का भूत?"

सासूबाई म्हणाल्या, "सुकदेवनं मशीन शे. पानी फिरीसन परत येस. तुमले काय करनं शे? पानी तं थंड शे ना?"

आबा बराच वेळ रांजणावर हात ठेवून उभे होते, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मग माझ्या दाराशी आले. आत आले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "पोरी, मी तुझा मामा नाही. कोपरा मी बसवला, तो मला उठवता येत नाही. माहेरचं माणूस आलं तर मी आडवा पडणार नाही. मला ते रुचेल असं मात्र म्हणू नको."

मामा, याहून मोठं फाटक कोणी उघडायचं? आबा अडवणार नाहीत. शेठ वाट बघतोय. मशीन चालतेय. आता फक्त तुम्ही.

एक अडचण. इथल्या बोअरच्या पाण्याने चार-पाच दिवसांतच बरणीत पांढरा थर धरला आहे, पंप जड चालतो. बॅटरीत घालतात ते पाणी हवं, चार-पाच बाटल्या. येताना घेऊन या. पाठवू नका. घेऊन या.

तुमची,
मंदा

*

(बॅटरीच्या पाण्याच्या खोक्यात, बाटल्यांमध्ये घडी घालून ठेवलेली चिठ्ठी)

धुळे, ५ एप्रिल

मंदाताई,

तुझे मामा, म्हणजे आमचे अण्णा, येणार नाहीत. तुला वाटतंय ते परीक्षेमुळे, पाठीमुळे. तसं नाही. पर्यवेक्षण केव्हाच संपलं.

माझी सोयरीक चालली आहे. मुलगा तुझ्या आबांच्या चुलतभावाचा. त्या लोकांनी स्पष्ट सांगितलं की तोतारामभाऊंची भाषणं ठीक, पण आमच्या भावकीत येऊन वर्षाच्या आत कोपरा उठवणार असतील तर पोरगी आम्हाला नको. अण्णांनी मान हलवली. मी सरबत घेऊन उभी होते. त्या दिवसापासून ते माझ्याकडे बघत नाहीत आणि दर चार दिवसांनी तुझ्यासाठी काहीतरी विकत आणतात.

मला कोणी विचारलं नाही. त्या लोकांनी हेही सांगितलं की लग्नानंतर टायपिंगचा क्लास बंद. तुला हे कळायला हवं होतं. खोकं मीच बांधलं, म्हणून जमलं.

रेशमा

*

जळगाव,
७ एप्रिल १९९९

ती. मामांस,

बाटल्या पोहोचल्या. खोकं व्यवस्थित बांधलं होतं. आणि मला कळायचं ते कळलं. कोणाकडून, ते विचारू नका. त्या व्यक्तीला एका शब्दाने बोललात तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही.

पंप आला. केळीची नळी आली, गवंड्याची नळी आली. निंबाची डबी आली. चार बाटल्या पाणी आलं. या दारातून तुमच्या घरचं सगळं आत आलं, फक्त माणूस आलं नाही. मी वेडी, दर खोकं उघडताना वाटायचं, मामा निघालेच आहेत, सामान पुढे पाठवलंय.

तुम्ही सभेत माझं उदाहरण दिलंत. नाव न घेता! मी विचार करते आहे की त्या म्हातारीला तुम्ही काय उत्तर दिलं असेल, की जिला टाळ्या पडल्या आणि ती उभीच राहिली.

काल मी प्रयत्न केला. मीच वक्ता, मीच श्रोता, मग मीच का उठू नये? दुपारी उठले, दार ओलांडलं, ओसरीपर्यंत आले. समोरच्या घरची बाई धान्य निवडत होती. तिने मला पाहिलं आणि सूप तोंडासमोर धरलं. मग उठून आत गेली, दार लावलं. शेजारचंही लागलं. गल्लीत एकामागून एक दारं लागत गेली, मामा. मी शेवटपर्यंत ऐकत उभी राहिले. अशी मी शेठच्या दुकानात गेले तर तो किल्ली देईल? त्याने आधीच कळवलंय, कोपरा रीतसर उठलेली बाई हवी, नाही तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. मी परत आले. घोंगडीवर बसले. पंप चालूच होता.

मला तुमच्याकडून एकच शब्द हवा. येता, की नाही?

मंदा

*

धुळे,
१० एप्रिल १९९९

चि. मंदास,

नाही.

हा शब्द लिहायला मला दोन दिवस लागले. तुला एका शब्दाचंच उत्तर हवं होतं, पण मी मास्तर आहे, खाली ओळी ओढल्याशिवाय राहवत नाही.

मी गावोगाव बोललो. लोकांच्या पोरींबद्दल बोललो. माझ्या पोरीचं नाव आलं तेव्हा माझ्या तोंडात जीभ होती की नव्हती ते मला आठवत नाही. रेशमा एकवीस वर्षांची आहे. तीन स्थळं मोडली, तिन्ही वेळा माझ्या भाषणांमुळे. मुलाकडचे म्हणायचे, बाप असा, तर पोरगी कशी असेल. हे चौथं. मी स्वतःला समजावलं की तू धीराची आहेस, तू दहा महिने आणखी काढशील, आणि गाळा काय, पुन्हा मिळेल. रोज हेच समजावतो. रोज तेवढ्यापुरतं पटतं.

त्या म्हातारीला मी म्हटलं होतं, "आजी, मी येईन!" म्हणून टाळ्या पडल्या. मी तिचं गावही विचारलं नाही.

त्यानंतर दोन ठिकाणची आमंत्रणं आली. मी नकार कळवला. एवढंच माझ्याच्याने झालं.

मामा

*

जळगाव,
१३ एप्रिल १९९९

प्रिय रेशमास,

या वेळी अध्यक्ष नाहीत, मान्यवर नाहीत. श्रोता एकच आहे आणि तो तू आहेस. म्हणून आवाज चढवत नाही.

अण्णांना दोष देऊ नकोस. मी दिला, चार दिवस मनसोक्त दिला, आणि मग लक्षात आलं की त्यांना ज्या खोलीत बसवलंय तिलाही खिडकी नाही.

काल सासूबाई रांजण भरत होत्या. हल्ली त्या दोन वेळा भरतात, पाणी खाली गेलं तर सुकदेवची मशीन तापेल म्हणतात. मी मोरीच्या भोकाजवळ बसून त्यांना तुझ्या अण्णांचं पत्र वाचून दाखवलं. सगळं. त्यांनी कळशी खाली ठेवली. म्हणाल्या, "माहेरनं मानूस जोयजे, बस. बाप्याच जोयजे आसं कोनी सांगं?" मी म्हटलं, काय म्हणता आई? तर त्यांच्या एका मावशीची गोष्ट सांगितली. माहेरी पुरुष उरला नव्हता, तेव्हा धाकटी बहीण पातळ घेऊन आली आणि हात धरून उठवून घेऊन गेली. कोणी काही बोललं नाही, कारण रीत मोडली नव्हती. माहेरचं माणूस आलं होतं. सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, दारात उभं राहून त्यांनी पाहिलं होतं. इतकी वर्षं हे त्यांना कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही!

रात्री त्यांनी ते आबांच्या कानावर घातलं. मी आतून ऐकत होते. आबा म्हणाले, "पोरगी येईल का पण?" बस, एवढंच विचारलं.

आता तुला खरं सांगते. तू आलीस तर तुझी सोयरीक मोडेल. त्या दिवशीच मोडेल. भावकीतली माणसं आखाजीला गल्लीत असतात, संध्याकाळच्या आत बातमी पोहोचेल. मी हे साखर लावून सांगणार नाही. तुला तो मुलगा हवा असेल, टायपिंग सुटलं तरी चालणार असेल, तर हे पत्र चुलीत घाल. मी तुझ्यावर राग धरणार नाही. मग मी आणखी दहा महिने बसेन आणि गाळा जाईल. पण तू लिहिलं होतंस, "मला कोणी विचारलं नाही." म्हणून मी विचारते आहे. तुझ्या आयुष्यात हे विचारणारी मी पहिली असेन, तर तेवढ्यासाठी तरी नीट विचार कर.

मशीन तयार आहे. गाळ्यात ठेवायला सासूबाईंनी एक छोटा रांजणही घेऊन ठेवलाय. बॅटरीच्या पाण्याने पंप पुन्हा हलका चालतो. काल पत्र्याखाली पारा चव्वेचाळीस होता आणि मी सलग नऊ फेऱ्या मारल्या. पाणी मोरीतून बाहेर जातं, रांजणात थंड होतं, परत येतं. दिवसभर ते माझ्या डोळ्यांसमोर बाहेर जाऊन येत असतं, आणि मी नळीला बोट लावून बसलेली असते. आखाजीला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात. या वर्षी माहेराने यायचं आहे.

तर ऐक. रविवारी सकाळी सातला धुळ्याहून जळगावची गाडी आहे. तिच्यात बस. पारोळा, एरंडोल, सगळीकडे थांबते, तरी दहाला पोहोचतेस. पातळ कुठल्याही रंगाचं आण, पांढरं सोडून. स्टँडवर कोणी ओळखीचं भेटलं तर नाव सांग, कुठे निघालीस ते सांग. अकरा वाजता, लख्ख उन्हात, गल्लीतली सगळी दारं उघडी असताना, आमच्या पुढच्या दाराने आत ये. ओसरीवर आबा बसलेले असतील, त्यांना नमस्कार कर आणि थांबू नकोस. माजघर ओलांडून मागच्या खोलीत ये.

आणि माझा हात धरून मला उठव.

तुझी,
मंदाताई